मीच मला दिलेले गुण

माझं माहेर उचगाव, बेळगावजवळचं. भाताचं गाव. तंबाखू म्हणजे आमच्या आप्पांच्या चंचीतली चिमूट, एवढीच मला ठाऊक. लगीन होऊन निपाणीला आले तर गल्लीत शिरताच शिंका सुरू झाल्या, मुंडावळ्या हलतात आणि मी शिंकते, सासू म्हणाली नवरीला सर्दी झालीया, काढा ठेवा. सर्दी कशाची, सगळ्या गावाच्या अंगालाच तंबाखूचा वास. आता न्हाय येत शिंक. आता माहेरी गेलं तर तिथलीच हवा मोकळी मोकळी वाटते, चुकल्यागत.

आमचे मालक तंबाखूच्या वखारीत हमाल. मला घरी बसून विड्या वळायचं काम. आमच्या घराला पुढं मोठा सोपा हुता, ओसरीगत, आणि गल्लीतल्या बाया सकाळी तंबाखू चाळायला वखारीत जायच्या, त्यांची पोरं कुठं ठेवायची? एकीनं माझ्याकडं ठेवलं, दुसरीनं ठेवलं, करता करता सात-आठ पोरं माझ्या सोप्यात रांगायला लागली. कुणी नेमलं न्हाय मला, कुणी शिकवलं न्हाय. आणि तेव्हाची मी म्हणजे काय सांगू तुम्हाला, पोरं जन्माला घालायचंच काय ते बायांनी, बाकी सगळं मी, असा माझा थाट. कमरेला पदर खोचून गल्लीला शहाणपण शिकवायची. स्वतःची दोन पोरं शेंबूड गाळत फिरत हुती, ती दिसत न्हवती.

मागच्या गल्लीत लक्ष्मी म्हणून हुती, माझ्याहून सात-आठ वर्षांनी धाकटी. वखारीतच जायची. तिची सुरेखा दहा महिन्यांची. दुपारच्या सुट्टीत लक्ष्मी पळत यायची, पोरीला पाजायची, पळत जायची. त्या दिवशी पण पाजून गेली. पोरं निजली, मी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसले, सुपात पानं आणि तंबाखूचा ढीग, आणि दारात कासारीण आली. मला बांगड्यांची लई हौस. सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर जाऊन हात पुढं केला. ही नको, ती दाखव, ही सैल हुतीया, ती काढ. दोन्ही हात भरायला किती वेळ लागतो? तेवढाच गेला. मागं वळले तर सुरेखा सुपाजवळ बसलेली, तोंड तंबाखूनं भरलेलं.

बोट घालून काढलं. पाणी पाजलं. जरा वेळानं पोर ओकायला लागली, मग घामानं गार पडली, मान टाकली. उचलून दवाखान्यात पळाले, पळताना हातात त्या नव्या बांगड्या वाजतायत. डॉक्टर म्हणाले, तंबाखू गेलीया पोटात, कुठनं गेली? तेवढ्यात लक्ष्मी आली, वखारीतनं तशीच, केसांवर धुरळा, पदरावर धुरळा. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं, तुझ्याच अंगावरची गं. हात धुवायच्या आधी पोरीला घेतीस, कितींदा सांगितलं तुला.

एकदापण सांगितलं न्हवतं. पण सगळ्यांना पटलं. तिला स्वतःलाच पटलं.

पोर वाचली, देवाची दया. दोन दिवसांनी घरी आली. मी विड्या वळायचं बंद केलं, डोळे दुखतात म्हणून सांगितलं. आणि नियम काढला. दारात पाण्याची घागर, साबण, खुंटीला धुतलेलं लुगडं. वखारीतनं आलेल्या बाईनं हात धुवायचे, तोंड धुवायचं, लुगडं गुंडाळायचं, मगच पोराला हात लावायचा. नियम चांगला हुता बरं का. तंबाखूची बुकणी लहान जिवाला वाईटच. पण खोटं लपवायला काढलेला चांगला नियम, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

वर्षं गेली. एका संस्थेनं आमच्यासारख्या घरात पोरं सांभाळणाऱ्या बायांना धरून रीतसर पाळणाघरं सुरू केली. त्यांचा एक फॉर्म. आपणच आपल्याला गुण द्यायचे, प्रत्येक प्रश्नाला पाचापैकी, मग बेळगावहून मॅडम येऊन तपासणार आणि श्रेणी देणार, अ, ब, क. पहिल्या वर्षी मी सगळीकडं पाच घातले. पन्नाशीची बाई, पण अक्कल तीच, बांगड्या भरतानाची. आग लागली तर काय कराल, असा प्रश्न हुता, मी लिहिलं, बोंब मारीन, आणि पाच घेतले. पोरं निजली असताना त्यांच्याजवळ कोण असतं? मी. पाच. मॅडम आल्या, घागर बघितली, लुगडं बघितलं, लई खूश झाल्या. म्हणाल्या, आजी, ही कल्पना तुम्हाला कुठून सुचली? मी म्हटलं, अनुभवानं. श्रेणी अ. मग दर वर्षी अ. बाकीच्या गावच्या बाया माझी घागर बघायला यायच्या, आणि मी त्यांच्यापुढं गुरुजीगत उभी.

यंदा फॉर्म बदलला. शेवटी एक नवा प्रश्न, तुमच्याकडून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, आणि त्यानंतर काय बदललं. आणि त्याच आठवड्यात लक्ष्मी आली. सुरेखाला मुलगी झालीया, सात महिन्यांची, आणि सुरेखा कापडाच्या दुकानात कामाला लागणार. लक्ष्मी म्हणाली, आक्का, नात तुझ्याबिगर कुणाकडं ठेवणार न्हाय मी. तू हुतीस म्हणून माझी पोर वाचली.

चार दिवस फॉर्म कोरा ठेवला. एकदा लिहिलं, दूध उतू गेलं हुतं. खोडलं. पाचव्या दिवशी म्हटलं, मॅडमच्या आधी हे लक्ष्मीनं ऐकायला पायजे, आणि तिच्या घरी गेले. ती शेंगा मोडत बसलेली. मी पण चार शेंगा घेतल्या हातात आणि सगळं सांगितलं, सूप, कासारीण, बांगड्या, दवाखान्यात बोललेलं. ती शेंगा मोडतच राहिली. मग म्हणाली, तवापासनं मी तिला अंगावर पाजलं न्हाय, आक्का. छाती दगडागत व्हायची, पिळून मोरीत सोडायची. सासू म्हणायची, पोरीला विष पाजलंस. तू तिथंच बसलेली असायचीस.

व्हय, असायची. मान पण डोलवायची.

मला रडू आलं न्हाय, आणि तिलाही न्हाय. ती म्हणाली, जा आता. मी आले.

फॉर्ममधे सगळं लिहिलं, चौथीपर्यंतच्या अक्षरात, जागा पुरली न्हाय तर पाठीमागं लिहिलं. निजलेल्या पोरांजवळच्या प्रश्नाला यंदा दोन दिले, कारण गुडघ्यानं आता मला उठायला वेळ लागतो, हे खरं. मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, आजी, हे संस्थेच्या आधीचं आहे, खोडलं तरी चालेल. मी म्हटलं, खोडलेलंच हुतं एवढी वर्षं, राहू दे. श्रेणी ब आली. नऊ पोरांची सहा केली, आणि हाताखाली एक बाई ठेवायला सांगितली. बरोबरच केलं त्यांनी. ती बाई माझ्यावर नजर ठेवते, पोरांपेक्षा जास्त, मी तिला म्हणते, बाई, मी न्हाय खात तंबाखू.

लक्ष्मीची नात माझ्याकडं आली न्हाय. लक्ष्मीनं वखार सोडली आणि स्वतःच सांभाळते. परवा माझ्या दारावरनं गेली, नात कडेवर. थांबली न्हाय, आणि मीपण हाक मारली न्हाय. कुठल्या तोंडानं मारणार? पोर मात्र गुटगुटीत दिसली, आजीचं मंगळसूत्र तोंडात घालून चोखत हुती. माझ्या सोप्यात नसंना का. जिथं हाय तिथं सुखानं वाढू दे, एवढंच.