लॉन की शिरीष

नर्सरीच्या काउंटरपुढे रांग खोळंबली होती. शिवणकाम करणारी बाई गुलाबाचं रोप छातीशी धरून उभी होती. काटे टोचत होते, पण पुढचं म्हातारं जोडपं काही हलेना, आणि खरं सांगायचं तर तिलाही आता त्यांनी हलावं असं वाटत नव्हतं.

“लॉन लावू. दोन महिन्यांत अंगण हिरवंगार.”

“आणि कापणार कोण? जेवल्यावर स्वतःचं ताट उचलत नाही तुम्ही. झाड लावू.”

“झाडाच्या सावलीत बसायला सात-आठ वर्षं लागतील!”

“मग बसू की सात-आठ वर्षांनी. घाई कुणाला आहे?”

“मला आहे.”

“तुम्हाला कायमच असते. लग्नालासुद्धा वऱ्हाडाच्या आधी येऊन बसला होतात.”

“अगं, परवा ऑपरेशन आहे माझं. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. नंतर महिनाभर वाकायचं नाही म्हणाले.”

“सोयीचं तेवढंच बरं ऐकू येतं तुला!”

“म्हणून तर इतकी वर्षं टिकले तुमच्याकडे.”

नर्सरीवाल्याने मध्येच विचारलं, “काका, लॉन काढू का?”

“शिरीष काढा,” काकूंनी परस्पर सांगून टाकलं.

“बरं बाई, शिरीष. उद्याच माळ्याला बोलावतो, लावून टाकेल.”

“माळी फक्त खड्डा खणेल. रोप तुम्ही लावायचं, वाकायला लागलात की.”

“आणि तोवर?”

“तोवर थांबेल ते पिशवीत. पाणी मी घालीन. धरा आता. असं नाही, खालून हात लावून धरा.”