मौनफेरीत अस्वल

संध्याकाळचे साडेपाच. ठिकाण, होन्नकल्लू नावाची टेकडी, बेंगळूरूहून तुमकूरच्या बाजूला दोन तासांवर. पायवाट अरुंद, दोन्हीकडे हत्तीएवढे दगड आणि घाणेरीची झुडपं. माणसं पंधराएक, त्यांतली पाच आमच्या घरातली. आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला लटकवलेली पाटी: ‘मी मौनात आहे.’

बोलू नका म्हणे.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर बातमीदारी केली, मोर्चात लाठी खाल्ली, मंत्र्यानं “बसा हो बसवंतराव” म्हटलं तरी उभं राहूनच पुढचा प्रश्न विचारला, आणि मला गप्प कोण बसवतंय, तर अपूर्व. अपूर्व म्हणजे त्या कॅम्पचा प्रमुख. मूळचा नागपूरचा, बेंगळूरूच्या मारतहळ्ळीत कुठल्याशा कंपनीत काही वर्षं काढली आणि मग निसर्गात आला. बोलतो इतकं हळू, की समोरच्यानं ओठ वाचायचे. “काका, इथं आपण शब्द खाली ठेवायचे.” अरे बाबा, मोबाईल काढून घेतलेस, कापडी पिशवीत भरलेस, ते समजलं… शब्द कुठल्या पिशवीत ठेवू?

हा सगळा बेत जावयाचा. वेदांत, पुण्याचा मुलगा, बेंगळूरूत सर्जापूर रोडला उंच इमारतीत राहतो, खिडकीतून त्याला दुसरी उंच इमारत दिसते, म्हणून त्याला जंगलाची ओढ. “बाबा, फॅमिली कॅम्पिंग आहे, टेंट आहेत, सनसेट वॉक आहे, संहिताला पण जरा स्क्रीनपासून ब्रेक.” संहिता म्हणजे नात, तिसरीत आहे. नातीचं नाव काढलं की मी सरी, म्हणजे ठीक आहे, म्हणतो, हे त्याला पक्कं ठाऊक. मुलगी आसावरी म्हणाली, “अप्पा, एक विनंती, तिथं कोणाची मुलाखत घेऊ नका.”

मुलाखत कसली, एक साधा प्रश्न विचारला. टेंटसमोर उभं राहून अपूर्वला म्हटलं, या बाजूला अस्वलं असतात ना? तर तो हसला. असं हसला, जसा मीच काही शतकांपूर्वीचा माणूस. “असतात ना काका. त्यांचंच घर आहे हे. आपण शांत असलो, की त्यांनाही आपली शांतता पोचते.” म्हटलं, पोचते कशी, कुरियरनं? आसावरीनं माझा दंड दाबला. पण तुम्हीच सांगा, विचारायला नको? अस्वलाच्या घरात जायचं, तेही दिवेलागणीच्या सुमारास, ते खायला बाहेर पडतं त्या वेळेला, आणि जायचं कसं, तर चोरपावलांनी. बोलू नका म्हणे.

आता बायकोबद्दल सांगायला हवं. शालन. माहेर खानापूरकडचं, रानाला लागून, आणि नोकरी गणिताच्या शिक्षिकेची. त्यामुळं आवाज असा, की आमच्या के. आर. पुरमच्या घरातून ती भाजीवाल्या अण्णाला “निल्ली” म्हणाली, की गल्लीतली रिक्षापण थांबते. आल्याआल्या तिनं काय केलं, तर गूळपोळ्यांचा डबा टेंटमधून उचलला आणि गाडीच्या डिकीत घालून कुलूप लावलं. वेदांत म्हणाला, “आई, रात्री भूक लागली तर?” ती म्हणाली, “तुला लागली तर सकाळपर्यंत कळ काढशील. अस्वल काढणार नाही.”

तिच्या माहेरी रानातून कोणी गप्प जात नाही. अस्वलाला लांबचं धड दिसत नाही, आणि ते वारुळात तोंड घालून बसलं की ऐकायलाही पटकन येत नाही. माणूस एकदम पुढ्यात उभा राहिला की ते दचकतं, आणि दचकलं की पळून जात नाही, अंगावर येतं. म्हणून लांबूनच कळवायचं, आम्ही येतोय. घोळका असला तर गप्पा. एकटा असला तर? माझे सासरे एकटे असले की तलाठ्याशी भांडायचे. तलाठी तालुक्याला, सासरे रानात, आणि भांडण घर येईपर्यंत चालू. रोज नवे मुद्दे. त्या घरातली ही मुलगी, आणि हिच्या गळ्यात पाटी, मी मौनात आहे.

तर निघालो. पुढं अपूर्व अनवाणी, मागं आम्ही. इतकी शांतता, की वेदांतच्या नव्या बुटांची करकर ऐकू येत होती आणि त्या करकरीबद्दल तो सगळ्यांकडं दिलगिरीनं बघत होता. मी मुकाट चाललो होतो, माझ्याच इभ्रतीवर पाय देत. आणि शालन थांबली. वाटेच्या कडेला वारूळ, मधोमध फोडलेलं, आतली माती ओली, मुंग्या अजून सैरावैरा. तिनं वाकून बघितलं, संहिताला हाताला धरून आमच्या मधे ओढलं, आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “अहो, माझ्या भावाच्या लग्नात तुम्ही अक्षता पडल्यावर का आलात?”

अपूर्वनं ओठांवर बोट ठेवलं. बाकीचे असे वळले, जशी आम्ही कुणाच्या समाधीवर चप्पल ठेवली. मला मात्र क्षणात कळलं. इतक्या वर्षांचा संसार आहे, ही उगाच भावाचं, संताजीचं, लग्न काढत नाही. मी तोच आवाज लावला: “निपाणीला रास्ता रोको होता, शालन! बातमी टाकून येऊ?”

“बातमी? जेवायला मात्र पहिल्या पंगतीला होतात!”

“पंगत पहिली नव्हती, दुसरी होती, आणि जिलेबी संपलेली होती!”

“काका, प्लीज…” अपूर्व.

“तू मधे पडू नको,” शालन म्हणाली. “संहिता, एकोणतीसचा पाढा. मोठ्यानं.”

आणि पोरीनं सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न… अशा थाटात आम्ही वळणावर आलो. पुढच्या मोठ्या दगडापलीकडं ते होतं. अस्वल. पण पाठमोरं नाही, बेसावध नाही. आमचं आधीच ऐकून मागच्या दोन पायांवर उभं राहिलेलं, नाक वर करून हुंगत, छातीवर तो पांढरा पट्टा. आमच्यात आणि त्याच्यात एका शाळेच्या पटांगणाएवढं अंतर. तेवढं अंतर कोणी मिळवून दिलं? संताजीच्या लग्नानं.

वेदांत वळून पळायच्या बेतात. शालननं त्याची बॅग मागून धरली. “पळायचं नाही. पाठ फिरवायची नाही. सगळे एकत्र. पोरगी मधे. एकेक पाऊल मागं.” आणि अपूर्व कुठं? अपूर्व उंबराच्या झाडावर. शालन मान वर न करता म्हणाली, “ते तुझ्यापेक्षा चांगलं चढतं. उतर.” उतरला. मौनात उतरला.

मला भीती वाटली का? वाटली. माझं सगळं जग त्या घोळक्याच्या मधे उभं होतं, दोन वेण्या घातलेलं, आणि एकोणतीस साते दोनशे तीन म्हणत होतं. आवाज कापत होता, पण पाढा चुकला नाही. आम्ही मागं सरकत राहिलो, बोलत राहिलो, आणि अस्वलानं एकदा फुस्स केलं, चार पायांवर आलं, आणि घाणेरीत शिरून निघून गेलं. आसावरी मग संहिताला घट्ट धरून रडली, आणि वेदांत, हा पुण्याचा मुलगा, सासूच्या पाया पडला, वाटेवरच, नव्या बुटांसकट. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं जवळून बघितली, पण त्या संध्याकाळी मी ज्या बाईच्या मागं मागं टेकडी उतरलो ना, तिच्या तोडीचं कोणी बघितलं नाही. हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “लग्नाचं उत्तर अजून दिलं नाहीत.”

आणि खाली काय बघितलं? पायवाट जिथं सुरू होते तिथं कॅम्पचा कापडी फलक, कमळाचं चित्र, ‘मौनात आपलं स्वागत’. वाऱ्यानं त्याचा कोपरा उचलला, तर मागं लोखंडी पाटी. मी फलक वर धरला. कन्नडमध्ये, ठळक, पिवळ्यावर काळं: इथं अस्वलांचा वावर आहे. संध्याकाळी जाऊ नये. घोळक्यानं, मोठ्यानं बोलत चालावं.

मोठ्यानं बोलत. आणि आम्हाला बोलू नका म्हणे.

विचारलं मी. अपूर्व म्हणाला, “काका, ते डेकोरवाल्यांनी बांधलं.” डेकोरवाल्यांना गाठलं, ते म्हणाले, “सार, खांब दाखवतात तिथं आम्ही बांधतो.” खांब कोणी दाखवला? “कॅम्पवाल्यांनी.” कॅम्पच्या मालकाला फोन केला, तो म्हणाला स्वल्प थांबा, अजून थांबलोय. दरम्यान शालनला कॅम्पचा संदेश आला, की मौनभंग केल्यामुळं पुढच्या फेरीला आपल्याला प्रवेश नाही.

तिचं काही अडलेलं नाही. या शनिवारची फेरी पूर्ण भरली आहे, लहान मुलांसकट. फलक तिथंच आहे. त्या पाटीवर तो बांधायला कोणी सांगितलं, हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.