कवितेखालची सही

सन्माननीय अध्यक्ष मालगुजार दुलीचंदजी, शेजारी विराजमान झालेले ठाणेदार साहेब, आमचे सत्कारमूर्ती केशोराव गुरुजी, आणि मळणी आटोपून अर्जुनीच्या पंचक्रोशीतून आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो,

गुरुजींना निरोपाचे दोन शब्द बोलायचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. बाकीच्यांनी आपापली कारणं सांगितली. कोणाचा घसा बसला, कोणाचा बैल आजारी पडला. मी पडलो किराणा दुकानदार, मला वेळेवर कारण सुचलं नाही, म्हणून उभा आहे. ठाणेदार साहेब, आपण आलात, आनंद झाला. थोडी धास्तीही वाटली, तेही सांगून टाकतो.

सर्वांच्या हाती गुरुजींवर रचलेली कविता दिली आहे. गोंदियाच्या वकिलांचे कारकून बिसरामजी यांनी ती मशीनवर टाइप करून दिली, त्यांचे आभार. काय देखणी उमटली आहे! सकाळी पहिली प्रत मी गुरुजींकडे नेली. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"काऊन गा टेकचंद, हातानं काऊन नाही लिवली?"

"भेव लागते जी, गुरुजी."

"कवितेचं भेव?"

"नाही जी. अक्षराचं."

मंडळी, मी काय खोटं बोललो? दिवाळीनंतर रेल्वे स्टेशनाच्या भिंतीवर एक कविता चिकटलेली सापडली. कोणी लिहिली, मला खरंच ठाऊक नाही. आपल्यापैकी कोणीही ती वाचली नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे! लढाईसाठी सरकार धान उचलतं, त्यावर होती म्हणतात. मग ठाण्यात एकेकाला बोलावून त्यातली एक ओळ लिहून घेतली. आणि पंचाईत अशी झाली की सगळ्यांचं अक्षर एकच निघालं. निघणार नाही तर काय? या गावात जो कोणी लिहितो, त्याचा हात गुरुजींनी आपल्या मुठीत धरून पाटीवर फिरवला आहे.

ठाणेदार साहेब संतापले. साहजिकच आहे. सगळ्यांनाच भंडाऱ्याच्या तुरुंगात नेतो म्हणाले. तेव्हा गुरुजी आपणहून ठाण्यात आले, भिंतीवरचा तो कागद पाहिला आणि म्हणाले, "अक्षर माझंच आहे, साहेब." आम्ही संध्याकाळी घरी जेवलो, आणि गुरुजींची दरेकशाच्या जंगलात बदली झाली.

तेव्हापासून गावात कोणी चार ओळी लिहीत नाही. माघातल्या लग्नात नवरीच्या मामाने रचलेल्या मंगलाष्टकासुद्धा बिसरामजींच्या मशीनवरून आल्या. आजची ही कविताही तशीच. खाली ना कोणाचं नाव, ना सही. ज्यांनी सगळा आळ आपल्या अंगावर घेतला, त्यांच्या हाती आपण निनावी कागद देणार? मला याची लाज वाटते. भीतीही वाटते. सकाळपासून दोन्ही एकदम वाटत आहेत.

म्हणून अध्यक्ष महाराज, आपल्या परवानगीने मी टाक आणि दौत मागवली आहे. गुरुजींच्या प्रतीवर मी इथेच, ठाणेदार साहेबांसमोर, सही करतो. ज्यांना वाटेल त्यांनी माझ्यामागून यावं. जे येणार नाहीत त्यांच्यावर माझा राग नाही, माझ्याही घरी लेकरं आहेत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचा आभारी आहे. अधिक-उणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि गुरुजी, अक्षर तुमच्यासारखं उमटलं नाही, तर तेवढी क्षमा असावी.