रत्नमालाबाईंचा गुडघा

...आन् वर तो वाटाड्या म्हणतो कसा, "आराम से, अंकलजी, धीरे धीरे!" अहो, तुम्हीच सांगा, घरदार बंद करून डोंगर चढायला गेलेल्या माणसाला कुणी हळू चाल म्हणतं का? साहेबरावांच्या डोक्यात पहिल्याच चढाला किडा वळवळला. यात काहीतरी काळंबेरं हाय!

साहेबराव कोण, तर तुम्हाला सांगतो, आपल्या शहरात तीस वर्षं व्हॉल्व्हमन. रस्त्यातल्या खड्ड्यात उतरायचं, लांबलचक चावी फिरवायची, की या गल्लीचं पाणी बंद आन् त्या गल्लीचं चालू! दुष्काळाची सालं, नळाला आठव्या दिवशी पाणी, तिकडं बीड बायपासला दर महिन्याला नवी बिल्डिंग उभी, म्हंजी एका तांब्यात सगळी पंगत उठवायची! मग काय, गल्लीला यांचा संशय, यांना गल्लीचा. कुणी पेढा दिला तरी आधी उलटा करून बघणार... दिला कशाला यानं?

आसा माणूस रिटायर झाला आन् त्यांच्या मंडळी, रत्नमालाबाई, म्हणाल्या, "आता सहा महिने घराला कुलूप. देश बघायचा." बाई सोयगावकडच्या, लहानपणी बापाच्या मागं मेंढरं घेऊन डोंगर तुडवलेल्या. चार महिने रेल्वे, एस्टी, धर्मशाळा करत करत दोघं पोचले हिमाचलात. तिथं चौदा हजार फुटांवर एक खिंड. सोबतीला वाटाड्या, दोरजे नावाचा, गालांनी लालेलाल, अन् पावलं अशी टाकणार जसं काय वरातीत नवरदेवाच्या घोड्यापुढं चाललाय!

"अबे, क्या हौले हौले लगाया?" साहेबराव खेकसले.

"धीरे धीरे, अंकलजी."

वाटेत ओढा लागला. धो धो! चार मैल चालले तरी पाणी आपलं वाहतंयच! साहेबरावांना चैन पडंना. "कायको खुल्ला छोड्या रे ये? बंद कौन करता?"

"ऊपर बरफ है अंकलजी. पिघलता है."

"वर बर्फ... म्हंजी टाकी वर हाय. मग चावी कुणाकडं हाय?" दोरजे हसला. हसला! तुम्हाला सांगतो, सरळ उत्तर द्यायचं सोडून माणूस हसला की समजायचं, काळंबेरं हाय!

दुसऱ्या दिवशी तर कहरच. दर वीस पावलांवर रत्नमालाबाई, "अहो थांबा, माझा गुडघा!" आता हा गुडघा आला कुठून? दुष्काळात दोन हातात दोन कळश्या घेऊन ही बाई चार मजले चढायची, तेव्हा गुडघा कुठं गेला होता? बरं, गुडघा हिचा, बसायची ही, आन् दोरजे बघतोय कुणाकडं? साहेबरावांकडं! टक लावून!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साहेबराव तंबूत पडलेले, डोकं ठणकतंय, पण सांगतील तर शपथ! बाहेरून बायकोची कुजबूज, तिच्या त्या हिंदीत, "कल और हौले चलो. उनको बताने का नक्को." आता मला सांगा, या वाक्याचा सरळ अर्थ निघतो का कुठं? साहेबरावांनी काढला... आपल्याला मागं ठेवून ही वर जाणार! काळंबेरं हायच हाय!

झालं. चौथ्या दिवशी सकाळी दोघं सामान बांधतायत तवर साहेबराव काठी घेऊन पसार. एकटे! तरातरा! म्हणे दाखवतोच यांना. अर्धा तास गेला, दम छातीत मावंना, पाय कुणाचे तरी दुसऱ्याचेच, आन् समोर एक गोल दगड. साहेबराव त्याच्यापुढं बसले, काठी खाली खुपसली आन् लागले फिरवायला. "थांबा वो बाई, बोंबलू नका, तुमच्या लाईनीला पाणी सोडतो आत्ता!"

हसू नका... खरंच हसू नका. त्या उंचीवर असा बरळायला लागलेला माणूस गडबडीनं खाली नेला नाय तर हाती लागत नाय.

खालून रत्नमालाबाई आल्या. आल्या म्हंजी धावत आल्या, चढावर! ना गुडघा, ना दम. नवऱ्याची काठी हिसकली, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या बाजूनं दोरजे, आन् सरळ उतरायला लागले. आन् तोंड सुरूच. "मेला असता म्हंजी? कुणाला सांगू मी हितं? गुडघा म्हणं! गुडघा कशाला दुखंल माझा? तुम्हाला थांबा म्हणलं असतं तर थांबला असता का? पहिल्या दिवसापासून धापा टाकताय, आन् विचारलं तर म्हणं सर्दी झालीय!"

दोन-तीन तास खाली उतरल्यावर साहेबरावांचं डोकं ठिकाणावर आलं. परवाचाच तळ. तिथल्या स्वयंपाक्यानं पातळ खिचडी दिली. ती उलटीसुलटी न करता खाल्ली, बरं का! बायको समोर बसलेली, नजर मात्र वर, खिंडीकडं. मेंढरामागची पोर ती.

रात्र बरी गेली. सकाळी साहेबराव म्हणाले, "तू जा."

"आन् तुम्ही?"

"मी हाय की हितं. जा म्हणतो ना!"

गेली! दोरजे आन् ती. साहेबराव दिवसभर दगडावर बसून बर्फावरचे दोन ठिपके बघतायत. आन् काय सांगू तुम्हाला, ठिपके हळू नाय चालले! सुसाट! ती पुढं, वाटाड्या मागं!

उन्हं कलता कलता आली. नाक भाजलेलं, पदर कमरेला खोचलेला, डोळे सुजलेले. साहेबरावांनी आपल्या हातानं चहा ओतला.

"काय होतं गं वर?"

"वारा होता. बसले आन् लई रडले."

"कशापायी?"

बाईनं त्यांच्याकडं बघितलं. म्हणाली, "तुम्ही नव्हता म्हणून, आसं सांगू... का खरं सांगू?"

अहो, पेढ्याची उलटतपासणी घेणारा माणूस तो! खिंडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, आन् म्हणाला,

"राहू दे. चहा घे."