पाठमोरा कॉर्नर

डोळ्यांच्या दवाखान्यात बाई थेंब घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या दोघा साडूंचे फक्त आवाज त्यांच्या वाट्याला आले होते.

"फुटबॉलचा चषक आपला झाला, दादा! आता तरी मान्य करा. कॉर्नर किकला ज्याने त्याने आपली जागा राखायची."

"बॉल काय जागा बघून येतो? माणूस धरायचा, माणूस! वर्षभर कॉर्नरवरच गोल खाल्लेत आपण."

"माणसं धरत बसलो म्हणूनच खाल्ले."

"आणि काल? एका गोलने पुढे, शेवटचा कॉर्नर, त्यांचा गोलकीपरसुद्धा आपल्या गोलसमोर येऊन उभा. आपला उंच्या त्यांच्या नऊ नंबरला गोचिडीसारखा चिकटला, म्हणून वाचलो."

"उंच्या गोलच्या खांबापासून हललाच नाही, दादा. बॉल आला तो थेट त्याच्या डोक्यावर. तुम्ही पाहिलंत ना?"

"मी कॉर्नर बघत नाही. पाठ करून उभा राहतो. बघितलं की गोल होतो."

"अहो, मग वर्षभर माझं डोकं खाल्लंत ते कशाच्या जोरावर?"

"आवाजाच्या. गोल खाल्ला की आपली माणसं कशी विव्हळतात, ते कानात बसलंय. काल विव्हळली नाहीत. काल जो आवाज उठला ना, तसा जन्मात ऐकला नव्हता."

"बाई, चला, तुमचा नंबर आला."

"थांबा हो सिस्टर! दादा, कसा होता तो आवाज? करून दाखवा ना."

दादांनी दवाखाना दणाणून सोडला.