एकचा आकडा

सांगलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पलटणीतून पेन्शनवर आलेले एक सुभेदार आणि त्यांची बायको बसली होती.

"आवं, खरं सांगा, डोळ्यातली सूज किती निघाली?"

"मोठ्या डॉक्टरांनी दुर्बिणीतनं बघितलं. आतल्या पाण्यात तरंगणारं कण मोजलं आन म्हणालं, सूज चारात एक."

"आन नव्या डॉक्टरीणबाई?"

"त्या म्हणाल्या तीन."

"एकाच डोळ्यात? एकाच सकाळी?"

"यंत्रात आकडा उमटत न्हाई गं. बघणाऱ्यानंच अंदाज करायचा."

"मग कागदावर काय लिवलं?"

"एक. गोळ्या कमी केल्या."

"तुमास्नी तर डाव्या डोळ्यानं माजं तोंड बी दिसंना झालंय! मग बोलला का न्हाईसा?"

"बाई बोलायला लागल्या हुत्या. मीच म्हणालो, सायेब, आता लय बरं वाटतंय."

"आसं का पर?"

"अठ्ठ्याऐंशी साली ह्याच माणसानं माजा उजवा डोळा वाचवला. त्या पोरीम्होरं त्यास्नी खोटं पाडू?"

"ऱ्हावा, मीच जाऊन सांगते."

"गप बस. आलं बघ भाईर."

म्हातारे डॉक्टर भिंतीला हात लावत बाहेर आले. सुभेदार उठले.

"जपून, सायेब. हितं पायरी हाय. माजा हात धरा."