हुत्सपॉटचं दुसरं पान

मी मूळची मिरजेची. लग्न झालं आणि साउथहॅम्प्टनला आले, ह्यांची बंदरावर नोकरी होती. मग हे गेले, मुलगा नॉटिंगहॅमला गेला, आणि मी इथल्या एका केअर होमच्या किचनमध्ये, काय सांगू तुम्हाला, बटाटे सोलण्यात जन्म गेला.

मिलेनियम उलटून थोडी वर्षं झाली असतील, आमच्या मॅनेजरीणबाईंनी काढलं, प्रत्येक रेसिडेंटला त्याच्या देशाची नॅशनल डिश खाऊ घालायची. हॉलंडची एक म्हातारी होती, आन्ना. ती म्हणाली, हुत्सपॉट. बटाटा, गाजर, कांदा उकडायचं आणि घोटायचं, बास. अगं म्हटलं, जिऱ्याची फोडणी तरी देऊ का, तर अशी बघितली माझ्याकडं की मी जिऱ्याचा डबा परत फळीवर ठेवला.

केलं बाई. तर ही म्हणते, दोन प्लेट आण, एक माझी, एक पिमची. पिम म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याकडं अशी उपासमार झाली की लोकांनी ट्युलिपचे कांदे उकडून खाल्ले, आणि ते पोरगं आईला सारखं विचारायचं, हुत्सपॉट कधी, आई म्हणायची उद्या. उद्या उद्या करत पोरगं गेलं हो. मॅनेजरीण म्हणाली, म्हातारीला भ्रम झालाय, उचल ती दुसरी प्लेट. उचलली, तर आन्नानं अन्नच सोडलं. नुसती पाण्यावर, तोंड एवढंसं झालं.

मला राहवेना. गेलेल्याचं पान घरात कशाला ठेवायचं? पुन्हा केलं, पिमचं पान बागेत ठेवलं, शेजारी तिची व्हीलचेअर लावली. कावळा आला, कुंपणावर बसला, शिवेना. मी आपली सवयीनं म्हणून गेले, आन्ना, त्याचं मन कशात अडकलंय बघ, कबूल कर काहीतरी. ती पानाकडं वाकली आणि तिच्या भाषेत एकच शब्द बोलली. नंतर मला म्हणाली, आज, असं म्हटलं मी त्याला. आणि कावळा उतरला की हो! अंगावर काटा आला माझ्या, अजून येतो. आन्ना रडत रडत सगळं जेवली.

त्याच वर्षी थंडीत ती गेली. तिचं कोणी नव्हतं, म्हणून मीच तिच्या नावानं पान ठेवलं. कावळा आला, बसला, शिवला नाही. सगळं कबूल केलं मी, कबरीवर फुलं घालीन, पिमचं पान वाढत जाईन. नाही. आज म्हणूनही बघितलं. नाही. तेव्हापासून रोज किचनच्या खिडकीबाहेर घास ठेवते, तो रोज येतो, नुसता माझ्याकडं बघत बसतो. मुलगा फोनवर म्हणतो, आई, इट्स जस्ट अ क्रो, तू माझ्या घरी ये. त्याला काय कपाळ समजावू?

आधी भ्यायचे, खिडकीकडं पाठ करून भांडी घासायचे. परवा सरळ म्हटलं, आन्ना, नसेल जायचं तर नको जाऊस, माझं तरी इथं कोण आहे, बस बाई. आणि खरं सांगते, आता घास ठेवला की जीव धाकधूक करतो, आज हा शिवतो की काय.